हंगामाआधीचा हिशेब

कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचा येणारा हंगाम कसा जाईल याचा अंदाज मांडणारा लेख हा अमेरिकेतल्या क्रीडालेखनाचा जुना प्रकार आहे. नाताळची सुट्टी संपून विद्यार्थी परतू लागले की विद्यापीठाच्या गावातले वर्तमानपत्र, विद्यार्थ्यांनी चालवलेला अंक आणि विद्यापीठाचा क्रीडा विभाग असे सगळेच तो लिहितात. गेल्या वर्षीचे कोण पदवी घेऊन गेले, कोण उरले, नवे कोण आले, कोणाची मांडी अजून दुखते आहे, कोणत्या प्रकारात संघ भरभक्कम आहे आणि कोणत्या प्रकारात उघडा पडणार, हे त्यात सांगितलेले असते. आपल्याकडे उभ्या पिकाची आणेवारी काढतात तसेच हे काम आहे. पीक शेतातच आहे, पुढचा पाऊस कसा पडेल ठाऊक नाही, पण नजर तयार असलेला माणूस कणसे पाहून काही सांगू शकतो.

फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या संघाबद्दल असे लिहिताना मतमतांतरांना भरपूर वाव असतो. अ‍ॅथलेटिक्समध्ये तो कमी वाटतो, कारण इथे प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो. आठशे मीटरला किती वेळ लागला, थाळी किती मीटरवर पडली, हे मोजलेले, नोंदलेले आणि कोणालाही पाहता येण्याजोगे असते. दोन विद्यापीठांच्या याद्या शेजारी ठेवून बेरीज केली की निकाल सांगता येईल, असा समज त्यामुळे होतो. तो जिथे जिथे फसतो, तिथे या खेळातले पाहण्यासारखे बरेच काही दडलेले आहे.

मुळात हा संघ म्हणजे काय? उघड्या मैदानावरच्या हंगामात पुरुषांचे २१ आणि महिलांचे २१ प्रकार असतात. शंभर मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंतच्या शर्यती, अडथळ्यांच्या शर्यती, स्टीपलचेस, दोन रिले, चार उड्या, चार फेकी आणि या सगळ्यांवर डेकॅथलॉन किंवा हेप्टॅथलॉन. हातोडा फेकणारा धिप्पाड मुलगा आणि दहा हजार मीटर धावणारा काटकुळा मुलगा एकाच रंगाची जर्सी घालतात, पण त्यांचे प्रशिक्षक वेगळे, सरावाच्या वेळा वेगळ्या, जेवणाचे ताटही वेगळे. एकाची दुपार व्यायामशाळेत लोखंड उचलण्यात जाते. दुसरा पहाटेच गावाबाहेरच्या रस्त्यावर पंधरा किलोमीटर धावून आलेला असतो. आठवडाभर दोघांची गाठच पडली नाही, असेही होते. स्पर्धेत ते एकमेकांना मदत करू शकत नाहीत. पास द्यायला चेंडू नाही, समोरच्या टोकाला उभा असलेला जोडीदार नाही. रिले सोडली तर प्रत्येक जण आपल्या रेषेत, आपल्या वर्तुळात एकटा असतो. संध्याकाळी मात्र दोघांचे गुण एकाच विद्यापीठाच्या नावापुढे जमा होतात.

वर्षाची विभागणीही समजून घ्यावी लागते. ऑगस्टअखेरीला विद्यापीठे उघडू लागतात आणि लांब पल्ल्याचे धावपटू क्रॉस कंट्रीला लागतात. गवत, चढउतार, कधी चिखल. तिथला हिशेब उलटा असतो. सात जण धावतात, पहिल्या पाच जणांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकतो. सहावा आणि सातवा स्वतःच्या संघाच्या बेरजेत येत नाहीत, पण दुसऱ्या संघाच्या पाचव्याला त्यांनी मागे टाकले तर त्या संघाची बेरीज वाढते. राष्ट्रीय स्पर्धा नोव्हेंबरात होते. मग थंडीत छताखालचा हंगाम सुरू होतो. त्याचा ट्रॅक २०० मीटरचा आणि वळणांवर कललेला, शंभरऐवजी साठ मीटरची शर्यत, हातोड्याच्या जागी आखूड कडीचे जड वजन. मार्चमध्ये तो संपतो आणि उघड्या मैदानावरचा हंगाम जूनपर्यंत चालतो. उडी मारणाऱ्याचे वर्ष दोन हंगामांचे, तर लांब धावणाऱ्याचे तीन हंगामांचे. नोव्हेंबरात चिखलातून पहिल्या दहांत आलेल्या मुलीच्या पायांत जूनपर्यंत किती बळ उरेल, याचे उत्तर तिच्या नावापुढच्या आकड्यात नसते.

राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठ जणांना गुण मिळतात: १०, ८, ६, ५, ४, ३, २ आणि १. म्हणजे एका प्रकारात ३९ गुण, आणि २१ प्रकारांत मिळून ८१९. शेकडो विद्यापीठांच्या स्पर्धेत हे गुण इतके विखुरतात की विजेत्या संघाच्या वाट्यालाही त्यांतला लहानसा हिस्साच येतो. २०१८ साली महिलांच्या विजेत्या संघाला ५३ गुण होते. सगळ्या गुणांच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास. हे एकदा लक्षात आले की अंदाज वाचण्याची रीत बदलते. मथळा जिंकणाऱ्यांचा असतो. विजेतेपद बऱ्याचदा पाचव्या, सहाव्या आणि आठव्या क्रमांकांच्या चिल्लर गुणांनी ठरते. हंगामाआधीच्या लेखाची पारख यावरून करावी की त्याने संघातल्या त्या मुलांकडे पाहिले आहे का, ज्यांना कोणी विजेता म्हणत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला जेसी ओवेन्सचा. २५ मे १९३५ रोजी मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथे मध्यपश्चिमेकडच्या विद्यापीठांची, बिग टेनची, स्पर्धा झाली. ओहायो स्टेट विद्यापीठाचा हा कृष्णवर्णीय विद्यार्थी काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडला होता आणि त्याची पाठ धरलेली होती. तरी ४५ मिनिटांच्या आत त्याने १०० यार्डांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड व २२० यार्ड अडथळे यांत नवे विश्वविक्रम केले. लांब उडीचा एकच प्रयत्न त्याने केला: ८ मीटर १३ सेंटिमीटर. तो विक्रम १९६० पर्यंत टिकला. अ‍ॅथलेटिक्सच्या इतिहासात त्या पाऊण तासाला जोड नाही. आणि तरीही त्या दिवशी सांघिक विजेतेपद मिशिगन विद्यापीठाने नेले. पुढे १९३५ आणि १९३६ अशा दोन्ही वर्षांच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धांत ओवेन्सने प्रत्येकी चार प्रकार जिंकले, आणि दोन्ही वेळा सांघिक विजेतेपद डीन क्रॉमवेल यांच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेले. एकटा माणूस जगातला सर्वश्रेष्ठ असला तरी संघ जिंकून देऊ शकत नाही, हे याहून स्पष्ट कसे दिसणार? त्याच ओवेन्सला विद्यापीठात शिष्यवृत्ती नव्हती, वर्णामुळे वसतिगृहात जागा नव्हती, आणि पोटासाठी तो नोकऱ्या करत होता. हंगामाआधीच्या कुठल्याही गणितात न बसणारी ही गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी.

दुसरा दाखला १९७० चा, आयोवा राज्यातल्या डे मॉइन इथल्या राष्ट्रीय स्पर्धेचा. तीन दिवस धावून, उड्या मारून, फेकून झाल्यावर ब्रिगम यंग, कॅन्सस आणि ओरेगन ही तिन्ही विद्यापीठे ३५ गुणांवर बरोबरीत राहिली आणि विजेतेपद तिघांत वाटले गेले. शेकडो खेळाडूंपैकी कोणी एक जण एक क्रमांक पुढे किंवा मागे झाला असता तर चित्र पालटले असते. ओरेगनचे प्रशिक्षक होते बिल बॉवरमन, आणि संघात पहिल्याच वर्षाचा एक मुलगा होता, किनाऱ्यावरच्या कूस बे या लाकूडतोड्यांच्या गावातून आलेला स्टीव्ह प्रीफाँटेन. शर्यतीच्या थोडे आधी त्याचा पाय कापला आणि टाके पडले. त्या पायाने तो तीन मैल धावला आणि जिंकला. त्या वर्षापासून सलग चार वर्षे तीन मैल किंवा पाच हजार मीटरचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने सोडले नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९७५ मध्ये, युजीन गावातच मोटार अपघातात तो गेला. आजही धावपटू अपघाताच्या जागी असलेल्या खडकापाशी जाऊन आपली पदके आणि बूट ठेवतात. भारतीय वाचकाला त्या १९७० च्या स्पर्धेत आणखी एक ओळखीचे नाव सापडते. तिहेरी उडी जिंकली होती पंजाबच्या मोहिंदर सिंग गिल यांनी, कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली या कॉलेजचे विद्यार्थी म्हणून. १९७१ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली.

तिसरा दाखला पाहणाऱ्यांना आजही शहारे आणतो. ९ जून २०१८, ओरेगन विद्यापीठाचे युजीन येथील हेवर्ड फील्ड. १९१९ पासूनचे हे मैदान त्या उन्हाळ्यात पाडून नव्याने बांधायचे होते, म्हणून जुन्या लाकडी स्टँडमधली ही अखेरची मोठी स्पर्धा. पाऊस धो धो पडत होता. महिलांचा एकच प्रकार उरला होता, चार गुणिले चारशे रिले. जॉर्जिया विद्यापीठाचे ५२ गुण झालेले. दक्षिण कॅलिफोर्नियाचे ४३. रिले जिंकली तर ५३, दुसरा क्रमांक आला तर ५१. तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूंमधली बॅटनची देवाणघेवाण गडबडली आणि त्यांची चौथी धावपटू केंडल एलिस मागे पडली. शेवटच्या वळणातून ती बाहेर आली तेव्हाही पुढे पर्ड्यू विद्यापीठाची धावपटू इतकी लांब होती की समालोचकांनी दक्षिण कॅलिफोर्नियाची आशा सोडून दिली. एलिसने सोडली नाही. रेषेवर दोघींत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी अंतर होते. एका गुणाने विजेतेपद ठरले.

ती एका मुलीची कर्तबगारी म्हणून सांगितली जाते आणि त्यात काही चूक नाही. पण ४३ आणि ५२ या आकड्यांमागेही माणसे होती. त्या दोन दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोणा मुलीने आणखी एक जागा गमावली असती, तर एलिसची धाव जिंकूनही निव्वळ विजेतेपद हातात आले नसते. जॉर्जियाच्या बाजूनेही तेच. तिथल्या कोणा खेळाडूने एक जागा जास्त मिळवली असती तर चषक वाटून घेतला गेला असता, दोन मिळवल्या असत्या तर तो त्यांचाच होता. जानेवारीत अंदाज लिहिणाऱ्याने रिलेला दहा गुण धरले असतील तर ते बरोबर ठरले. बॅटन खाली पडण्याची शक्यता मात्र कुठल्याच यादीत लिहिलेली नसते. म्हणून जाणते लोक रिलेचे गुण कच्चे धरतात.

गणित पहिल्यांदा अडखळते ते माणसांच्या येण्या-जाण्यापाशी. अमेरिकी विद्यापीठात खेळाडूला साधारणपणे पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एखादे वर्ष दुखापतीमुळे किंवा तयारी अपुरी म्हणून बाजूला ठेवायचे, याला तिथे 'रेडशर्ट' म्हणतात. दरवर्षी मे-जूनमध्ये संघाचा पाव हिस्सा पदवी घेऊन निघून जातो. फार चांगले असतात ते त्याआधीही जातात. सिडनी मॅक्लॉफ्लिन केंटकी विद्यापीठाकडून एकच वर्ष धावली, २०१८ मध्ये त्याच पावसात ४०० मीटर अडथळे जिंकली आणि व्यावसायिक झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नावनोंदणीची खुली यादी सुरू झाली, आणि तेव्हापासून डिसेंबरातला संघ जानेवारीत तोच असेल याची खात्री देता येत नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवता येऊ लागले. त्यामुळे श्रीमंत विद्यापीठांकडे ओढा वाढला.

त्यापाठोपाठ आलेला बदल अधिक खोल आहे आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. अनेक वर्षे मोठ्या विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला १२.६ आणि महिलांच्या संघाला १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वाटत. कोणाला अर्धी, कोणाला पाव, आणि पुष्कळांना काहीच नाही. हे 'काहीच नाही' वाले, म्हणजे वॉक-ऑन, स्वतःच्या खर्चाने शिकत, सगळ्यांबरोबर सराव करत आणि कधी तिसऱ्या, कधी चौथ्या वर्षी अचानक फुलून येत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या डोक्यांची मर्यादा आली: अ‍ॅथलेटिक्समध्ये पुरुष ४५, महिला ४५. ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल त्यांचे भले झाले. पण ज्या खेळात कोणाचे शरीर कधी जागे होईल हे अठराव्या वर्षी सांगता येत नाही, त्या खेळातून उशिरा फुलणाऱ्यांची जागा काढून घेणे हे नुकसान आहे. आधीपासून संघात असलेल्यांना त्या वेळी सवलत देण्यात आली; पुढच्या मुलांना ती नाही. येणाऱ्या हंगामाचा विचार करणाऱ्याने कोण आले याबरोबर कोणाला येता आले नाही, हेही विचारले पाहिजे.

गणित दुसऱ्यांदा अडखळते ते शरीरापाशी. नडगीच्या हाडाला बारीक चीर, मांडीच्या मागचा ताणलेला स्नायू, टाचेवरची दुखरी शीर ही या खेळाची नेहमीची दुखणी. यांतले एक दुखणे मार्चमध्ये झाले तर जूनचा हंगाम गेलाच. बॉवरमन यांनी ओरेगनमध्ये एक साधी शिस्त घालून दिली होती. एक दिवस कष्टाचा, मग एक दिवस किंवा दोन दिवस हलके. त्या काळी अनेक प्रशिक्षक रोज पिळून काढण्यात धन्यता मानत. विश्रांती हाही सरावाचा भाग आहे, ही गोष्ट आज सगळीकडे मान्य आहे. प्रत्यक्षात एकविसाव्या वर्षीचा चुरशीचा मुलगा ती सहज पाळत नाही, आणि त्याला थांबवणे हे प्रशिक्षकाचे सर्वांत अवघड काम असते.

त्यातही वेळ साधावी लागते. नुसती चांगली कामगिरी पुरत नाही, ती नेमक्या आठवड्यात व्हावी लागते. हंगामातल्या कामगिरीच्या उतरत्या क्रमाने देशाच्या पूर्व आणि पश्चिम विभागांतून बहुतेक प्रकारांत प्रत्येकी ४८ जण निवडले जातात. मेअखेरीला विभागीय फेरी होते. तिथून प्रत्येकी १२ पुढे जातात आणि जूनमध्ये २४ जण राष्ट्रीय स्पर्धेत उभे राहतात. एप्रिलमध्ये देशात सातव्या असलेल्या खेळाडूचा एक वाईट दिवस मेअखेरीला आला की त्याच्या सगळ्या संभाव्य गुणांचे शून्य होते. लेखात म्हणून एकच सर्वोत्तम आकडा देणे पुरेसे नाही. सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाचा वारा पाठीशी असेल तर वेळ किंवा उडी विक्रमात धरत नाहीत, उंचावरच्या गावात छोट्या शर्यती वेगवान होतात आणि लांबच्या मंदावतात. चांगला लेखक खेळाडूच्या पाच-सहा सर्वोत्तम कामगिऱ्या एकत्र पाहतो आणि त्यांत किती अंतर आहे ते तपासतो. एकदा साडेसात मीटर उडी मारणाऱ्यापेक्षा सहा वेळा सात वीस मारणारा संघाला जास्त उपयोगाचा, हे प्रशिक्षकाला ठाऊक असते.

याउलट कधी अंदाजाच्या पलीकडचेही घडते. १९७८ च्या वसंतात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा केनियन विद्यार्थी हेन्री रोनो याने ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले: ५,००० मीटर, ३,००० मीटर स्टीपलचेस, १०,००० मीटर आणि ३,००० मीटर. त्या हंगामाआधी कोणी तसे लिहिले असते तर संपादकाने ते वाक्य खोडले असते.

परदेशी विद्यार्थी हा या संघांचा जुना भाग आहे, आणि त्यांत भारतीयही आहेत. मैसूरला जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला विकास गौडा २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून थाळीफेकीचा राष्ट्रीय विजेता झाला. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकायला गेला. एप्रिल २०१८ मध्ये टेक्सासमधल्या लबक इथे त्याने २.२९ मीटर उंच उडी मारून भारतीय विक्रम केला, आणि जूनमध्ये पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. युजीनच्या त्याच पावसाळी स्पर्धेत, एलिसच्या रिलेच्या आदल्या दिवशी. मग तीन वर्षे विजेतेपद आले नाही. २०२२ मध्ये, शेवटच्या वर्षी, ते पुन्हा आले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत डेकॅथलॉनचे रौप्य. चार-पाच वर्षे दर शनिवार-रविवारी स्पर्धा, जोडीला अभ्यास, आणि प्रत्येक जानेवारीत आपल्या नावापुढे कोणी तरी लिहिलेले अपेक्षित गुण, अशा वातावरणात तो घडला. त्याच्या यशाचा हा भाग भारतात फारसा सांगितला गेला नाही.

मोठ्या विद्यापीठांच्या पलीकडे शेकडो लहान कॉलेजे आहेत. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथला हंगामाआधीचा लेख वाचणारे मोजके असतात: आईवडील, माजी विद्यार्थी, गावातला एखादा निवृत्त शिक्षक. लेखात विक्रमांची भाषा नसते. गेल्या वर्षी विभागीय स्पर्धेत नववी आलेली मुलगी यंदा आठात येऊन एक गुण मिळवेल का, एवढाच प्रश्न असतो. तो प्रश्न ओवेन्सच्या विक्रमाइतकाच गांभीर्याने विचारलेला असतो, आणि त्यातच त्या लेखाचे मोल आहे. त्या मुलीने आपले नाव छापलेले पाहिले की तिच्या हिवाळ्यातल्या पहाटेच्या सरावाला साक्षीदार मिळतो.

महाराष्ट्रात या खेळाचे मनुष्यबळ कमी नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०२२ मध्ये युजीनच्या त्याच हेवर्ड फील्डवर, नव्या बांधलेल्या मैदानात, जागतिक स्पर्धेच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत अकरावा आला. नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य मिळवले. कॉलेजातून वर जाण्याची वाटही आहे: आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध, आणि भारतीय विद्यापीठ संघाची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. पण या स्पर्धांची बातमी येते ती निकालाची. पाऊस ओसरून मैदाने वाळू लागतात तेव्हा कोणत्या कॉलेजात कोण तयारी करत आहे, कोण दुखापतीतून परतले आहे, रिलेचा चौथा गडी कोण, हे कोणी लिहीत नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकात वर्षाच्या शेवटी पदकांसह एक छायाचित्र छापले जाते, त्यात सातवा आलेला नसतो.

हे काम करायला मोठा खर्च लागत नाही. गेल्या वर्षीच्या निकालांचे कागद क्रीडा संचालकांच्या कपाटात असतात, आणि मराठी विभागात लिहू शकणारी मुले असतात. यंदाच्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या एखाद्या विद्यार्थ्याने मैदानावर जावे, प्रत्येक खेळाडूला त्याचा आकडा आणि त्याची दुखरी जागा विचारावी, पहिल्या तिघांबरोबर सहाव्या-सातव्याचेही नाव घ्यावे आणि येणाऱ्या हंगामाचा अंदाज सहीनिशी सूचना फलकावर लावावा. डिसेंबरात तो निकालाशी ताडून पाहावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहावा.